हातभर अंतर

सरकारी कारकुनाने कोणता छंद धरावा, याविषयी सेवानियमांच्या पुस्तकात एकही कलम नाही. परंतु आप्तेष्टांच्या मनात ते कलम फार पूर्वीच मंजूर झालेले असते. त्याने पोस्टाची तिकिटे जमवावीत, रविवारी संगीत ऐकावे, फार तर गणेशोत्सवातील नाटकात हवालदाराची भूमिका करावी. छायाचित्रणाचे नाव काढले की भुवया किंचित वर जातात. आणि ते छायाचित्रण समुद्राच्या पाण्याखाली करावयाचे आहे असे सांगितले, तर समोरचा मनुष्य आपल्या पगाराची नव्हे, आपल्या डोक्याची चौकशी करू लागतो.

आमचे बालपण इंदूरला गेले. पाणी म्हणजे नळाला दिवसाआड येणारे, आणि जलप्रवास म्हणजे ओंकारेश्वरला नावेने ओलांडलेली नर्मदा, एवढीच आमची जलविद्या. अशा मनुष्याची बदली चार वर्षांपूर्वी अंदमानात झाली. पोर्ट ब्लेअर या नावाने ज्या गावी आम्ही उतरलो, त्याचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. नाव बदलले, समुद्र तोच राहिला. पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी आम्ही डोळ्यांवर काच आणि तोंडात श्वासनळी घेऊन छातीएवढ्या पाण्यात डोके बुडविले आणि खालचे ते नगर पाहिले. ते पाहून वर आलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाला तरी ते दाखवावेसे वाटते. आमची माणसे तर माळव्यात! येथूनच कॅमेऱ्याची गोष्ट सुरू झाली.

सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून जो तक्ता लागू केला, त्यातील आमच्या चौथ्या पातळीचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होते. त्यात भत्ते मिळतात हे खरे, पण त्यातूनच घरभाडे, मुलीची शाळा आणि इंदूरला आईकडे पाठवावयाची रक्कमही वजा होते. दुकानदाराच्या सूचीत पाण्याखालच्या साहित्याच्या किमती पाहिल्या म्हणजे कारकुनाने सूची मिटून ठेवावी हेच श्रेयस्कर वाटते. तथापि आम्ही ती मिटली नाही. फायलीवर टिपण लिहिण्याची सवय लागलेल्या माणसाला प्रत्येक मागणीपुढे ‘आवश्यकता काय?’ असे विचारता येते, आणि हा प्रश्न विचारीत गेलो तेव्हा एक विलक्षण सत्य हाती आले. वाचकांपैकी कोणाला या छंदाचा मोह झालाच, तर त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते येथे मांडीत आहोत.

जमिनीवर पैसा अंतर विकत घेतो. वाघाचे छायाचित्र घेणारा श्रीमंत मनुष्य हातभर लांबीचे दूरदर्शी भिंग लावून शंभर पावलांवरून वाघाच्या मिशा मोजतो. आपण साध्या कॅमेऱ्याने त्याच जागेवरून गवत तेवढे टिपतो. पाण्यात हा व्यवहार चालत नाही. पाणी कितीही निर्मळ असले तरी ते हवेहून पुष्कळ दाट असते. त्यात वाळूचे कण, सूक्ष्म जीव आणि शेवाळाचा चुरा तरंगत असतो. डोळ्यांना पंधरावीस मीटर दिसत असले तरी चांगले चित्र मिळते ते एका मीटरच्या आत, आणि उत्तम चित्र मिळते ते हातभर अंतरावर. दूरदर्शी भिंग तेथे निरुपयोगी ठरते, कारण ते मासा जवळ आणते तसे मधले सारे गढूळपणही जवळ आणते. म्हणजे लक्षाधीशालाही माशाच्या हातभर जवळ जावे लागते आणि कारकुनालाही. समुद्राच्या दरबारात एवढी समता तरी आहे.

यावरून खरेदीचा क्रम आपोआप ठरतो. जे आपल्याला विषयाजवळ नेते, अथवा जवळ गेल्यावर उपयोगी पडते, ते आधी, बाकीचे मागाहून.

प्रथम कॅमेरा. पावसाळ्यात भ्रमणध्वनीला घालतात तसल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर विसंबून खोल पाण्यात जाऊ नये. जुना, वापरलेला, परंतु पाण्यासाठीच घडविलेला लहान कॅमेरा घ्यावा. ऑलिंपसने सुरू केलेल्या टीजी मालिकेतील २०१९ चा टीजी-६ आणि २०२३ चा टीजी-७ हे मुळातच १५ मीटर खोलीपर्यंत चालण्यासाठी बनविलेले आहेत. पृष्ठभागावर तरंगत पाहणाऱ्याला एवढे पुरून उरते. टाकी पाठीवर घेऊन बुडी मारणाऱ्या नवशिक्याचीही मर्यादा सामान्यतः १८ मीटरच असते. त्याने मात्र कॅमेऱ्याला जलरोधक पेटी घ्यावी. दुकानदार तिला ‘हाउसिंग’ म्हणतात. आम्ही वापरलेला टीजी-६ आणि त्याची पेटी घेतली. दोन्हींना मिळून आमचा सुमारे दोन महिन्यांचा पगार गेला, आणि खरा मोठा खर्च एवढाच.

पेटीचा सारा जीव एका रबरी कड्यात असतो. या कड्याला ‘ओ-रिंग’ असे नाव आहे. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर पेटीवर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो. तो दाब हे कडे अधिकच घट्ट बसवितो. पण त्याच्याखाली एखादा केस अथवा वाळूचा कण राहिला, तर त्याच वाटेने समुद्र आत शिरतो. म्हणून धागे न सोडणारे कापड, सिलिकॉनच्या वंगणाची लहानशी नळी आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ही अल्पमोली सामग्री कोणत्याही भिंगाच्या आधी घ्यावी. जुन्या धोतराचे मऊ फडके येथे चालत नाही. त्याचे धागेच घात करतात. नवी पेटी प्रथम रिकामीच बादलीत बुडवून पाहावी, आणि समुद्रातून आल्यावर ती न उघडता गोड्या पाण्यात भिजत ठेवावी. इंग्लंडमधील वेमथ येथील विल्यम टॉम्पसन या वकिलाने १८५६ मध्ये दोर बांधून कॅमेऱ्याची पेटी समुद्रात सोडली आणि पाण्याखालचे बहुधा पहिले छायाचित्र मिळविले, तेव्हा त्याच्याही पेटीत पाणी शिरले होते. त्याची काच तरीही वाचली. आजच्या विजेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याकडून एवढ्या उदारपणाची अपेक्षा करू नये.

आता भिंगांकडे वळण्यापूर्वी पाण्याचा एक चावटपणा ध्यानात घेतला पाहिजे. हौदात तिरपी धरलेली काठी वाकडी दिसते, हे आपण शाळेत शिकलो. त्याच न्यायाने सपाट काचेतून पाण्यात पाहिले, की चार हातांवरची वस्तू तीन हातांवर आल्यासारखी भासते आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते. कॅमेऱ्यालाही हाच भ्रम होतो. त्याची दृष्टी आखूड होते. २४ मिलिमीटरचे रुंद पाहणारे भिंग सपाट काचेआड ३२ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागू लागते. म्हणून सारी प्रवाळभिंत, तिच्यावरचा पाणबुड्या आणि वरचा सूर्य एका चित्रात घ्यावयाचा असेल, तर बाहेरून बसविण्याचे घुमटाकार रुंद भिंग लागते. ते सुंदर असते, जड असते, आणि आमच्या हिशेबाने दीड महिन्याचा पगार मागते. त्या मागणीवर आम्ही ‘तूर्त स्थगित’ असा शेरा मारला, आणि तो शेरा अद्याप कायम आहे.

याउलट जवळ पाहण्याचे भिंग. त्याचे गणित चाळिशीच्या चष्म्यासारखे असते. सहा नंबरचे भिंग म्हणजे सुमारे सोळा सेंटिमीटरवर नजर स्थिरावणारे. दहा नंबरचे, दहा सेंटिमीटरवर. ते पेटीच्या तोंडावर बाहेरून फिरवून बसवितात आणि पाण्यातच काढूनही ठेवता येते; भिंग बसविताना मध्ये हवेचा बुडबुडा अडकणार नाही, एवढे पाहिले म्हणजे झाले. ६७ मिलिमीटरचे आटे असलेलेच घ्यावे. ते माप बहुतेक पेट्यांना चालते, त्यामुळे उद्या कॅमेरा बदलला तरी भिंग सोबत राहते. आमचे दहा-बारा दिवसांच्या पगारात आले. टीजी मालिकेत मात्र एक सेंटिमीटरवर पाहण्याची सोय मुळातच आहे, तेव्हा असा कॅमेरा असणाराने याचीही घाई करू नये. आम्ही ते घेतले ते अंतरासाठी: एक सेंटिमीटरवर गेलेला कॅमेरा कोळंबीला भेडसावतो आणि तिच्यावर स्वतःचीच सावली पाडतो; भिंग लावून वीतभर दूर राहिले की ती आपला उद्योग चालू ठेवते.

या वीतभर जगात कारकुनाला काय सापडत नाही? प्रवाळाच्या खडकातून उगवलेल्या, नाताळच्या झाडासारख्या दिसणाऱ्या सर्पिल किड्यांची जोडी. सावली पडताच ती क्षणात आत जाते. बिनशिंपल्याची, पाठीवर कल्ल्यांचे फूल मिरविणारी रंगीत समुद्रगोगलगाय. डंख करणाऱ्या समुद्रपुष्पाच्या बोटांत निर्धास्त घर मांडणारा विदूषक मासा. पाणी गढूळ असले तरी ही मंडळी भेटतात, कारण मध्ये पाणीच वीतभर असते. बडोदा, इंदूर, हैदराबाद येथील आमच्या वाचकांना अंदमान दूर वाटत असेल, तर मालवण जवळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात आणि तारकर्लीला बुडी मारण्याची सोय आहे. मात्र कोकणचे पाणी अंदमानइतके पारदर्शक नसते. तेथे जाणाराने रुंद भिंगाचा विचार सोडून जवळचेच भिंग न्यावे.

भिंगापेक्षाही कठीण प्रकरण रंगांचे. पाणी प्रकाशातील तांबडा रंग सर्वांत आधी गिळते. पाच मीटरांवर तो पुष्कळसा गेलेला असतो. आणखी खाली नारिंगी, मग पिवळा. दहा-बारा मीटरांवर कुंकवासारखा लाल मासा राखाडी दिसतो. जो तो आपापला रंग पृष्ठभागावर ठेवून खाली आल्यासारखा वाटतो. यावर स्वस्त उपाय दोन. एक तांबडा फिल्टर. आमच्या एका दिवसाच्या पगारात तो मिळाला. तो तांबडा रंग निर्माण करीत नाही; निळ्या-हिरव्याचे आक्रमण तेवढे थोपवितो. म्हणून उन्हाच्या प्रकाशात, सुमारे पाच ते पंधरा मीटरांच्या दरम्यान तो कामाचा. अगदी वर सारे लालभडक करून टाकतो, आणि फार खाली, जेथे तांबडा उरलेलाच नाही, तेथे बिचारा काय करणार? दुसरा उपाय त्याहून स्वस्त आहे. स्वयंपाकघरातील भाजी चिरण्याची पांढरी प्लॅस्टिकची फळी घ्यावी आणि तिचा तळहाताएवढा तुकडा कापून कमरेला बांधावा. खोली बदलली की कॅमेऱ्याला तो तुकडा दाखवून ‘हे पांढरे’ असे बजावावे. कॅमेरा आज्ञाधारक असतो; बाकीचे रंग तो त्या पांढऱ्यावरून लावून घेतो. फळी नाहीशी झाल्याचे आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात आले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “समुद्रात नेली ती नेली, आता परत भाजीला आणू नका.”

गेल्या वर्षी सुटीत इंदूरला गेलो तेव्हा आईला चित्रे दाखविली. तिने चष्मा पुसून एक एक पाहिले. तांबड्या जास्वंदीसारख्या एका प्रवाळाशी थांबून ती म्हणाली, “अरे, हा रंग खरा, की तू भरलास?”

आम्ही म्हणालो, “आई, विजेरी लावली म्हणून दिसला. एरवी तेथे तो काळपट दिसतो.”

“म्हणजे असतो, पण दिसत नाही.”

“हो.”

“मग खरा कोणता रे?”

पदवीच्या परीक्षेत आम्हांला तर्कशास्त्र होते, परंतु या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. विजेरीपुरते सांगावयाचे तर, उजेड हातभर अंतरावरून पडला तरच तांबडा रंग वाटेत विरत नाही. म्हणजे येथेही दाम थोडे आणि जवळीक फार. १९२६ मध्ये लाँगले आणि मार्टिन या दोघा अमेरिकनांनी फ्लॉरिडाच्या समुद्रात पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा उजेडासाठी त्यांना तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती. आज मुठीएवढी जलरोधक विजेरी आठवड्याच्या पगारात येते. मात्र ती कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी धरू नये. वाड्यातल्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आली की हवेतली धूळ कशी चमकते, हे आपण पाहिले आहे. समोरून टाकलेल्या उजेडात पाण्यातला प्रत्येक कण तसाच चमकतो आणि चित्रावर हिमवर्षाव होतो. म्हणून कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा बंद ठेवावा आणि विजेरी लहानशा दांड्यावर बसवून बाजूने, तिरपी धरावी. तांबडा फिल्टर आणि विजेरी ही दोन्ही एकाच वेळी कधी वापरू नयेत. ती एकमेकींची कामे बिघडवितात.

एवढे साहित्य झाले. परंतु सर्वांत महत्त्वाचे साधन कोणत्याही दुकानात मिळत नाही. पाण्यात वर न जाता, खाली न बसता, काही न धरता स्थिर तरंगण्याची विद्या ती. हातभर जवळ जावयाचे आणि स्पर्श मात्र करावयाचा नाही, या दोन आज्ञा एकाच वेळी पाळावयाच्या असतात. पायांतील रबरी वल्ह्यांचा एक फटका पुरतो. एका मोसमाची नव्हे, अनेक वर्षांची वाढ मोडून पडते. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. कंबरेएवढा एक खडक म्हणजे शंभर वर्षांचा वृद्ध. जुलै २००१ पासून खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंक्तीला बसलेले. जोपर्यंत रिकाम्या हातांनी स्थिर राहता येत नाही, तोपर्यंत हातात कॅमेरा घेऊ नये, असे शिकविणारे सांगतात. त्यांचे हे म्हणणे आम्हांस कोणत्याही शासन-परिपत्रकाहून अधिक बंधनकारक वाटते.

आणि घाई करण्याचे एक कारणही आहे, जे आम्ही आतापर्यंत मागे ठेवले. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात. त्याचे अन्न आणि त्याचा रंग त्यांच्यापासूनच. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादाच अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ ती शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पाणी निवले तर सावरतो, न निवले तर जातो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचे प्रवाळ फार मोठ्या प्रमाणावर असे पांढरे पडले होते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या अशा चौथ्या आपत्तीची घोषणा केली. आम्ही येथे ज्याला नगर म्हटले, ते आमच्या मुलीला तिच्या तिशीत पाहावयास मिळेल की नाही, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

यासाठी शहीद द्वीपाच्या उथळ पाण्यात आम्ही एक खडक निवडला आहे. कंबरेएवढा, तपकिरी, काहीही न मिरविणारा. सरकारी बोटीचे तिकीट मिळेल तेव्हा, साधारण दोन महिन्यांनी एकदा, आम्ही तेथे जातो. त्याच बाजूने, तेवढ्याच अंतरावरून, त्याच भिंगाने एक चित्र घेतो, आणि चित्राच्या कोपऱ्यात ती पांढरी फळी धरतो. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच्या माथ्यावर फिकट पट्टा दिसला. फळी नसती तर तो पट्टा खडकाचा की कॅमेऱ्याचा, असा वाद झाला असता. फळीमुळे झाला नाही. हिवाळ्यात तो पट्टा पुन्हा तपकिरी झालेला आढळला. त्या दिवशी बोटीवर आम्ही अनोळखी प्रवाशांना चहा पाजला. आईच्या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर आम्हांला येथे सापडले. रंग खरा कोणता, हे आम्ही सांगू शकत नाही. पण तो काल होता तसाच आज आहे की नाही, हे भाजीच्या फळीचा तुकडा सांगू शकतो.

आता बदलीचा हुकूम आला आहे. पुढील गाव समुद्रापासून फार दूर आहे. साहित्य विकले असते तर निम्मी किंमत आली असती, आणि तसा प्रस्ताव घरातील अर्थखात्याने मांडलाही होता. परंतु आमच्याच कचेरीत एक तरुण बंगाली सहकारी आहे, याच बेटांवर जन्मलेला. तो आमच्याहून कितीतरी चांगला तरंगतो. त्याच्याशी बोलणे झाले. अर्थखात्याने एक रात्र विचार करून संमती दिली.

कारकून जाताना कार्यभार सोपविल्याचा कागद लिहून देतो. आम्हीही लिहिला. कॅमेरा, वापरलेला, एक. पेटी, एक. रबरी कडी, सुटी, दोन. जवळ पाहण्याचे भिंग, एक. तांबडा फिल्टर, एक. विजेरी दांड्यासह, एक. पांढरी फळी, तुकडा, एक. प्रवाळाचा खडक, एक. जागेचा नकाशा सोबत जोडला आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: अंतर हातभर ठेवावे, स्पर्श करू नये, पुढील चित्र एप्रिलमध्ये घेणे आवश्यक.